शिंकेची नोटीस

लक्ष्मीपुरीत गुरुसिद्धअण्णांचा मिरची कुटायचा डंक होता आणि त्याला लागूनच केरबाचा फोटो स्टुडिओ. सत्त्याण्णव साली केरबानं वकिलाकरवी नोटीस धाडली, की तिखटाच्या खकाण्यानं गिऱ्हाईक शिंकतं, एक फोटो धड येत नाही.

अण्णांना कोर्टाची पायरी काही चढायची नव्हती. त्यांनी त्या वकिलालाच डंकात बोलावून घेतलं. "सायेब, हितंच बसून मिटवूया की."

वकीलसाहेबांनी बोलायला तोंड उघडलं आणि शिंकायला लागले ते थांबेचनात. अण्णांच्या बायकोनं, बसम्मानं, त्यांना गूळपाणी दिलं. तेवढ्यात केरबा एक फोटो घेऊन आला. फोटोत लग्नाचा पोरगा होता, ऐन शिंकेच्या बेतात. डोळे मिटलेले, मान खाली.

"पोरगीवाल्यांनी ह्योच पसंत केला," केरबा ओशाळून म्हणाला. "म्हणत्यात, पोरगा लय लाजाळू हाय."

"मग केस?" अण्णांनी भीत भीत विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. आत्ता आनी एक लग्नाचा पोरगा येऊन बसलाय. जरा जादा कुटा."

अण्णांनी लगेच डंक चालू केला. वकीलसाहेब रुमालात तोंड खुपसून रस्त्यावर पळाले.