हिरेमठ मॅडम गप्प बसल्या

हिरेमठ मॅडम आमच्या लेखनातला एक शब्द लाल पेनाने हमखास खोडायच्या: 'बिचारी'. व्याकरण चुकलं तर एक वेळ चालायचं, हा शब्द चालायचा नाही. "साकु, साकु! पुरे झाल्या तुझ्या बिचाऱ्या," म्हणायच्या. मॅडम अक्कलकोटकडच्या, रागावल्या की कानडी बाहेर यायची; 'साकु' म्हणजे पुरे.

सोलापुरात एम.ए. इंग्रजीला आले तेव्हा मी वर्गात बोलतच नसे. आमचं घर सांगोल्याकडचं, मेंढरांचं. कॉलेजात शिकणारी मी पहिलीच. तोंड उघडलं की 'न्हाय', 'हितं' निघेल, ही भीती. मॅडमनी मला काळ्या अमेरिकन लेखिकांच्या कादंबऱ्या दिल्या. एकीत, गोऱ्यांचं धुणं धुणारी काळी बाई हॅट घ्यायला जाते. त्या दुकानात काळ्या बायकांना हॅट डोक्यावर घालून बघायची मनाई. मी लिहिलं, 'बिचारी अपमान गिळून परतते.'

"गिळते? कुठल्या पानावर? दाखव की!"

पान सापडेना. ती पैसे टाकते, तिथल्याच आरशासमोर हॅट घालते, सावकाश तिरकी करते आणि मग निघते. पुढे गोरी घरं तिला धुणं देणं बंद करतात. पोरं उपाशी झोपतात.

"तिचं दुःख कमी करू नकोस हं," मॅडम म्हणाल्या. "पण ती काय करते, ते आधी लिही. कीव आली की वाचणं थांबतं बघ."

लघुप्रबंधासाठी मी या कादंबऱ्यांतल्या बायकाच निवडल्या. विषय मंजूर करायच्या बैठकीत एक सर हसून म्हणाले, "खेड्यातली पोर, बिचारी! अमेरिकेचं हिला काय कळणार? मॅडम, एखादी ग्रामीण कथा द्या की हिला."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

"न्हाय सर," माझ्या तोंडून गेलं. कुणीतरी हसलं. पण आता थांबणं शक्य नव्हतं. ती हॅट, तो आरसा, नंतरची उपासमार, सगळं सांगितलं. "लोकांना ती गप्प वाटते, सर. ती गप्प न्हाय. मला तेच लिहायचंय."

सरांनी आणखी प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. विषय मंजूर झाला.

बाहेर आल्यावर मी जरा रागानेच विचारलं, "मॅडम, तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"मी बोलले असते तरी मंजूर झाला असता ग. पण माझा विषय म्हणून."

मॅडम यंदा निवृत्त झाल्या. माझ्या लघुप्रबंधाची तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. काल त्यांचा फोन आला, "येऊन बसू का ग?"

"नको मॅडम," मी म्हटलं. "झालं की मीच येते तुमच्याकडे."