कोंबड्याविना क्रूस

सान क्रिस्तोबालच्या लोहारआळीत ओब्दुलिया चौतिसाव्या वर्षी शिकायला गेली, तेव्हा आळी हसली. हसू दे. तिच्या आईच्या नव्या घराच्या कौलांवर रिवाजाचा लोखंडी क्रूस नव्हता. तो विकतचा नको, आपल्या हातचा तीन मेला, क्रूसाच्या सणाला चढवायचा, असं तिच्या मनानं घेतलं होतं. म्हाताऱ्यांनी क्रूस मानला तर ती लोहार. नाहीतर शिलाईयंत्र वाट बघत होतंच.

म्हातारे म्हणजे किरीनो आणि वेन्सेस्लाओ, सख्खे भाऊ. किरीनोकडे भट्टी, वेन्सेस्लाओकडे ऐरण, आणि वीस वर्षं अबोला. का, ते दोघांनाही धड आठवत नव्हतं. निरोप ओब्दुलियामार्फत जायचे.

"तुझ्या ऐरणवाल्या काकाला सांग पोरी, लोखंड निवतंय."

"त्याला सांग, मी बहिरा नाही."

भट्टीची खिडकी कायम बंद, रंगावरून ताव कळावा म्हणून. त्या अंधारात लोखंड आधी सुकल्या रक्ताचं, मग संत्र्याचं, मग कोवळ्या मक्याचं व्हायचं. ओब्दुलियाला वाटे, रोज आपल्यापुरती एक पहाट उगवते आणि आपण हातोडा घेऊन तिच्यातून चालत जातो. कुठे, ते तिनं कधी विचारलं नाही.

एप्रिल सरता सरता क्रूस झाला, त्याच्यावरची शिडी झाली, खिळे झाले, चंद्र-सूर्य झाले. शेंड्यावरचा कोंबडा तेवढा उरला. तुरा नीट दिसावा म्हणून तिनं खिडकी उघडली. ऊन आत आलं आणि लोखंडाचा रंगच दिसेना. अजून तापलं नाही असं समजून तिनं भाता ओढला, आणखी ओढला. लोखंड जळायला लागलं, पांढऱ्या चांदण्या उडाल्या. ती भान हरपून बघत राहिली. ऐरणीवर पहिल्याच घावाला कोंबड्याचा भुगा झाला.

"वा, उस्तादबाई!" वेन्सेस्लाओ म्हणाला. "भरदिवसा चांदण्या बघायला निघालात!"

किरीनोनं राख उकरली. "शेजारी तयार कोंबडा मिळेल. कुणाला कळतंय?"

"मला," ओब्दुलिया म्हणाली.

तीन मेला क्रूस तसाच, बोडका चढला. फटाके उडाले, मक्याच्या पानातले तमाले वाटले, शेजारणी वर बघून कुजबुजल्या. ओब्दुलियानं मान खाली घातली. म्हातारे त्या रिकाम्या शेंड्याकडे बराच वेळ बघत होते.

"सांधे चांगले बसलेत," किरीनो म्हणाला.

"बसलेत," वेन्सेस्लाओनं थेट त्यालाच उत्तर दिलं.

दोघेही दचकले. मग किरीनो घाईघाईनं तिच्याकडे वळला, "उद्या लवकर ये, उस्ताद. कोंबडा राहिलाय. आणि ती खिडकी मी ठोकून बंद करतोय."

या वेळी कुणी हसलं नाही.