दिसत न्हाई व्हय रं, महाद्या?

कोळेकर सर गेल्याचं मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. शनिवार होता, कोयनानगरच्या प्रकल्प ऑफिसातून सुटून मी गावाकडं, कुंडलला निघालो होतो. कराडच्या गाडीवर कंडक्टर आमचा बाळू होता. बाळू म्हणजे सांगलीच्या कॉलेजातल्या आमच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन. एरवी मला बघितलं की लांबूनच तिकिटाचा चिमटा वाजवणारा गडी, त्या दिवशी गुपचूप शेजारी येऊन टेकला. म्हणाला, "महाद्या, सर गेले रं." मी विचारलं, "कवा?" तर म्हणाला, "पंधरवडा झाला म्हणं. मला पण कालच कळलं." आणि उठून तिकिटं फाडायला पुढं गेला. घाटाची वळणं सुरू झाली. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. लिहायला लाज वाटते, पण डोळ्यांत पाणी बिणी काही आलं नाही. पहिलं मनात आलं ते असं, की सुटलो, आता समोरासमोर यायला नको... गाडी हेळवाकच्या पुढं गेली तेव्हा माझं मलाच कळलं, आपण काय विचार केला ते. मग मात्र कराड येईपर्यंत मान वर झाली नाही.

कोळेकर सर आमचे खेळाचे शिक्षक. मूळचे आटपाडीकडचे, मेंढपाळाच्या घरचे. कोरड्या माळावर मेंढरांमागं हाळ्या घालून कमावलेला आवाज, त्यामुळं त्यांना मैदानावर कधी कर्णा लागला नाही. कृष्णेच्या पलीकडं ऐकू जायचं, असं पोरं म्हणायची, आणि त्यात फारशी थाप नव्हती. आमचं मैदान मातीचं. सामन्याच्या सकाळी आम्हीच पाणी मारायचो, आम्हीच फक्कीच्या रेघा ओढायचो. सरांना खेळाचं वेड होतं, पण त्याहून मोठं वेड पंचांचं होतं. पंचाची शिट्टी चुकली की त्यांच्या अंगाचा भडका उडायचा. आणि नियम तर असा, की कोचनं बाकावर बसायचं, पंचाशी चकार शब्द बोलायचा नाही. काय विचारायचं ते कॅप्टननं, तेही अदबीनं. कोच बोलला की टेक्निकल फाऊल, समोरच्याला फुकटचा फ्री थ्रो. आता असल्या आवाजाच्या माणसानं तोंड मिटून बसायचं म्हणजे शिक्षाच की!

सरांनी त्यावर तोड काढली होती. लेकी बोले सुने लागे, हे आपल्याकडं घरोघरी चालतंच. सासूला सुनेला बोलायचं असतं, ती बोलते लेकीला. सरांनी ते मैदानावर आणलं. पंचाला बोलायचं ते आपल्या एका खेळाडूला बोलायचं, मोठ्यानं, पंचाच्या कानात जाईल असं. समोरच्या पोरानं चेंडू न आपटता चार पावलं टाकली आणि पंचानं सोडून दिलं, की सर ओरडायचे, "पावलं मोजता येत न्हाईत व्हय रं? कुठल्या शाळंत हुतास?" धक्का पंचाला दिसला नाही, की, "दिसत न्हाई व्हय रं? डोळं घरी ठिवून आलायस?" पंच कावराबावरा व्हायचा. पण करणार काय? कोच आपल्याच पोराला बोलतोय, त्याला कुठला फाऊल देणार! पुढची शिट्टी बरोबर आपल्या बाजूनं वाजायची.

आता लेक कुणीतरी व्हायला पाहिजे. इतरांवर प्रयोग करून झाले होते. बाळू उलट बोलायचा, एक जण तर रुसून मैदान सोडून गेला. मी पडलो पलटणीतून हवालदार होऊन आलेल्या बापाचा पोरगा. वडिलांसमोर, म्हणजे आबांसमोर, मान खाली घालून उभं राहायची सवय. सरांनी मला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गड्या, तुझी पाठ रुंद हाय. एवढं वझं घे. आरं, मेंढरू वळवायचं तर मेंढराला हाक मारून भागत न्हाई, कुत्र्याला हाक मारायची. मेंढरू आपसूक वळतंय." मला तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट छाती फुगली. सर बोलले की मी हात वर करून "चुकलं, सर" म्हणायचं, आणि सरांनी "घे खाली हात, पळ" म्हणायचं, असं आमचं ठरून गेलं.

टीम जिंकायला लागली. माझं मात्र हसं झालं. बघणाऱ्यांना आतली गोष्ट कुठून ठाऊक असणार? त्यांना दिसायचं ते एवढंच, की एक पोरगं सामनाभर बोलणी खातंय आणि हात वर करून कबूल करतंय. सांगलीत गणपतीच्या देवळापाशी सुद्धा कुणीतरी मागून हाळी द्यायचं, "ए चुकलंसर!" पोरी तोंडाला पदर लावायच्या. मी हसून घालवायचो आणि खोलीवर येऊन उशीत तोंड खुपसायचो. टीमला बरं वाटायचं, सरांना बरं वाटायचं, मग आपलं एकट्याचं काय घेऊन बसायचं, अशी मनाची समजूत घालायचो.

आबा एकदा गुळाच्या ढेपा घेऊन सांगलीच्या पेठेत आले होते. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, व्हायला वेळ होता. पोरगं खेळतंय म्हणून ऐकलेलं, म्हणून विचारत विचारत मैदानावर आले. मला पत्ता नव्हता. पंच त्या दिवशी अगदीच नवखा, त्यामुळं सरांचा पट्टा सुरू झाला तो थांबेचना. "दिसत न्हाई व्हय रं, महाद्या? लाज वाटती का न्हाई?" मी हात वर करून, "चुकलं, सर." परत तेच, परत तेच. अर्धी वेळ झाली. आम्ही सरांभोवती गोळा झालो, पंच तिथंच बाजूला पाणी पीत होता. आणि बघतो तर काय, पांढरा पटका बांधलेले आबा फक्कीच्या रेघा ओलांडून, ताठ पावलं टाकत मैदानातून येतायत. ते सरांसमोर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "मास्तर, मी म्हादेवाचा बा. मगापास्नं बघतोय. पोरगं लय चुकतंय, सवता कबूल करतंय. तुमाला लय तरास दिला त्यानं. माफ करा. मी घिऊन जातो त्याला."

सगळं मैदान हसलं. पलटणीत मान न वाकवलेला माझा बाप हात जोडून उभा, आणि लोक खो खो हसतायत! मी सरांकडं बघितलं. वाटलं, आता सांगतील. "आवं आबा, ह्याचं काय बी चुकलेलं न्हाई" एवढंच तर म्हणायचं होतं. पण पंच हातभर अंतरावर. खरं सांगितलं तर आजवर कुणाला बोलत होतो ते त्याच्या तोंडावर कबूल केल्यासारखं, आणि वर सामना हातचा जायचा. त्या आवाजाच्या माणसाच्या तोंडून कसंबसं एवढंच आलं, "बसा तुमी... बघू." आबांनी माझं मनगट धरलं. मी गणवेशातच त्यांच्यामागं निघालो. मागून कुणीतरी ओरडलंच, "चुकलं, सर!"

वाटेत मी आबांना सगळं सांगितलं. घरी पोचल्यावर आईला म्हणाले, "ह्याचं कॉलेज झालं." उसाला माणूस लागतच होतं. मी खुरपं घेऊन शेतात जायला लागलो, आणि माझी बी.ए.ची पदवी तिथंच बांधावर बसली.

तीन-चार दिवसांनी सर कुंडलला आले. आमच्या गुऱ्हाळावर चुलवण पेटलं होतं, आबा रसाच्या काहिलीपाशी उभे होते. सरांनी चपला लांबच काढल्या. म्हणाले, "आबा, पोराची चूक न्हवती. मी पंचाला बोलत हुतो." आबा म्हणाले, "ते कळलं मला." मग सरांना काय वाटलं कोण जाणे, समजावून सांगावं म्हणून भोळेपणानं बोलून गेले, "आमच्यात कसं हाय, मेंढरू वळवायचं तर कुत्र्याला हाक..." आणि मधेच थांबले. आबांनी वळून बघितलं. "म्हंजी माझं पोरगं तुमचं कुत्रं व्हय, मास्तर?"

सरांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. मला त्यांची कीव आली, आणि आबांचा राग आला, आणि आबांचं एक अक्षर खोटं नव्हतं याची लाज वाटली, सगळं एकदमच. आबांनीच शेवटी काकवीचा पेला त्यांच्या हातात दिला. म्हणाले, "ज्याला बोलायचं त्याला बोला. दुसऱ्याच्या खांद्यावरनं बंदूक आमच्या पलटणीत चालत न्हवती. पोराला न्या. पर असं न्हाई." सर मान हलवत राहिले. पेला तसाच हातात होता.

पुढं साताऱ्याला विभागाचा अंतिम सामना. आबा मुद्दाम आले होते, पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. सर बाकावर रुमाल दातात धरून बसलेले. सामना अटीतटीचा, गुण बरोबरीत, आणि शेवटी शेवटी पंचानं ढळढळीत धक्का सोडला. बाळू कळवळून म्हणाला, "सर, ह्याला बोला की! एकदाच!" सगळ्या टीमनं माझ्याकडं बघितलं. आणि बाप समोर बसलेला असताना, बापानं माझ्यासाठी एवढं केलेलं असताना, माझा हात अर्धा वर गेला होता... बोला सर, मला बोला, एवढा सामना निघू दे! सरांनी माझ्या त्या हाताकडं बघितलं. रुमाल काढला, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पंचसायेब, हे मी तुमाला बोलतोय. धक्का हुता. तुमाला दिसला न्हाई." आवाज अजिबात चढला नव्हता. पंचानं शिट्टी मारली. टेक्निकल फाऊल. फ्री थ्रो आत पडला, आणि आम्ही एका गुणानं हरलो.

परतीच्या गाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही. आबा स्टँडवर एवढंच म्हणाले होते, "आज मास्तर सवता बोलले." त्यांना बरं वाटलं होतं. मला नव्हतं. कॉलेजनं पुढच्या वर्षी सरांकडून टीम काढून घेतली आणि त्यांच्या हातात व्यायामशाळेच्या किल्ल्या दिल्या. मी पदवी घेतली, कोयनेला लागलो.

मागच्या दिवाळीत ते सांगलीच्या पेठेत दिसले. वाळले होते, हातात पिशवी. मी हाक मारणार तोच त्यांनी मला बघितलं, आणि झपकन एका गुळाच्या अडत दुकानात शिरले. त्या दुकानात त्यांचं काय काम? मी रस्त्याच्या या बाजूला बराच वेळ उभा होतो. ते ढेपांमागं लपून उभे, आणि मला त्यांचा सदरा दिसतोय. माझ्यामुळं एवढ्या मोठ्या माणसाला लपावं लागावं! मी तरी काय केलं, आल्या वाटेनं परत फिरलो. म्हटलं, आपण गेलो म्हणजे बाहेर तरी येतील.

तीच शेवटची भेट. बाळूनं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सांगलीत त्यांच्या घरी गेलो. एका खोलीचं घर, भिंतीला लोखंडी कॉट. सरांच्या पत्नीला, काकींना, मी पहिल्यांदाच बघत होतो. नाव सांगितलं तशा त्या हातातलं सूप ठेवून बघतच राहिल्या. "महाद्या म्हंजी तुमी व्हय? आवं, तुमच्या नावानं लय बोलणी खाल्ली मी!" आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. आमटीत मीठ जास्त झालं की सर म्हणायचे, "महाद्या, हात आवरत न्हाई व्हय रं?" दवाखान्यात सुई द्यायला उशीर झाला की कंपाउंडरच्या देखत, "महाद्या, घड्याळ कळतं का न्हाई?" घरात महाद्या नावाचं कुणी नाही, आणि सगळ्या चुका महाद्याच्या! मलाही हसू आलं. म्हणजे मैदानावरचं सुटलं, घरातलं काही सुटलं नव्हतं.

मग काकी थांबल्या. म्हणाल्या, "शेवटच्या दिशी तिन्हीसांजंला मी हितं पायाशी बसल्ती. काय बी न्हवतं झालं. तर म्हनले, महाद्या, चुकलं रं. मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं. म्हनलं, काय चुकलं ओ माझं? तर माझ्यावर चिडले. म्हनले, तू मदी बोलू नगंस. मी त्याच्याशी बोलतोय."

काकी चहा टाकायला चुलीपाशी वळल्या. मी कॉटसमोर उभा होतो, गादी गुंडाळून ठेवलेली. माझा उजवा हात आपोआप वर गेला. तो तसाच राहिला. घे खाली म्हणणारं कुणी नव्हतं.