महिपतीच्या आवाजातला फोन

महिपती केदारीचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या कागदांत गेलं. पवना धरणाच्या काठच्या गावातला हा गडी. दहावीला गणितात आपटला, टायपिंग शिकला आणि तालुक्याला कचेरीबाहेर पत्र्याखाली टाइपरायटर मांडून बसला. खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, जे मागाल ते. पुढं लोणावळ्याच्या एका वकिलांनी त्याला आपल्या ऑफिसात आणलं. तिथं तो गेली अठरा वर्षं कारकून आहे. कारकून आपला पगारपत्रकावर. ऑफिस खरं आपणच चालवतो असं तो मानतो, आणि थोरले वकील वारल्यापासून तर बोलूनही दाखवतो.

खोटं कशाला बोला, माणसं सांभाळावीत ती त्यानंच. कुणाची तारीख कधी, कुणाची सून कुठल्या गावची, कुणाच्या घरी आधी चुलत्याला फोन करावा लागतो, हे सगळं त्याच्या डायऱ्यांत असायचं. अशा पंचवीस डायऱ्या त्याच्या कपाटात होत्या, पत्र्याखालच्या दिवसांपासूनच्या. कपाटाची किल्ली जानव्यासारखी सतत अंगावर.

थोरल्यांच्या माघारी त्यांची मुलगी प्रेरणा वकील ऑफिस बघू लागली. पुण्याहून शिकून आलेली, हुशार, आणि एका जागी स्वस्थ न बसणारी. एक दिवस ती म्हणाली, "काका, तुमच्या डायऱ्यांत सोनं आहे." मावळात जमिनीला भाव आलाय, धरणाच्या काठाला पर्यटकांचे तंबू लागलेत, डोंगरावर बंगले चढलेत. ज्या बहिणींची नावं सातबाऱ्यावरून गेली त्यांतल्या कित्येकींना आपला हक्क काय होता हेच ठाऊक नाही. त्यांना एकेक करून फोन करायचा, विचारपूस करायची, कुणाचं प्रकरण उभं राहण्यासारखं आहे ते हेरून भेटीची वेळ द्यायची. हे काम करणारा एआय ती आपल्या ऑफिसापुरता खास बनवून घेणार होती.

वकिलानं गिऱ्हाईक शोधत फिरू नये असा वकिलीचा नियम आहे, आणि तो प्रेरणाला तोंडपाठ होता. "आपण जाहिरात करत नाही काका, आपण चौकशी करतोय," ती म्हणाली. हे वाक्य ती जरा भरभर बोलली. महिपतीला ते जाणवलं, पण डायऱ्यांत सोनं आहे हे ऐकून तो इतका फुलला होता की त्यानं किल्ली काढून तिच्या हातात दिली.

कंपनीचा माणूस यंत्र घेऊन आला, तेव्हा ते बोलायचं कसं? "नमस्कार, आपल्या मालमत्ताविषयक अधिकारांबाबत आपणाशी संवाद साधू इच्छितो." महिपती पोट धरून हसला. "अहो, बायका बँकेवाला समजून फोन आपटतील!" मग त्यानं शिकवलं. आधी लावणी उरकली का विचारायचं. मग गुडघे कसे आहेत. मग पोरंबाळं. समोरची बाई बोलत असली की मध्ये तोंड घालायचं नाही. नुसतं "व्हय मावशी, सांगा, मी ऐकतोय" म्हणायचं. दोन दुपारी बसून त्याचा आवाजही भरून घेतला. यंत्राच्या सुरुवातीला "मी संगणकावरून बोलतोय" असं एक वाक्य होतं. ते महिपतीनंच काढायला लावलं आणि तिथं "मी महिपती केदारी बोलतोय" असं घालायला लावलं. प्रेरणा क्षणभर घुटमळली, पण तिनं मान हलवली.

यंत्रानं विचारायचे पाच प्रश्नही त्याचेच. त्यातला पाचवा त्याचा लाडका, कारण निम्मी प्रकरणं त्याच्यावरच उभी राहतात किंवा पडतात: कागद करताना तुम्हाला वाचून दाखवला होता का? हा प्रश्न सांगताना आपणही एकेकाळी असे कागद केलेत, हे त्याच्या मनाला शिवलं नाही. दुसऱ्यांचे घोळ शोधायची एवढी सवय लागली होती.

पंधरवड्यात ऑफिसातली बाकं भरायला लागली. महिपतीची छाती फुगली. "मी हितं भाकरी खात असतो ना, तेव्हा तिकडं मी तीस जणांशी बोलत असतो," असं तो कोर्टाच्या चहावाल्यापासून बेलिफापर्यंत सगळ्यांना ऐकवत सुटला.

त्या मंगळवारी प्रेरणा वकील वडगावला कोर्टात गेली होती. बाकावर चौघं वाट बघत बसले होते. अकराला जिना चढून एक म्हातारी आली आणि दारात दम खात उभी राहिली. महिपतीनं चष्म्यावरून पाहिलं.

ती चिमाबाई होती. त्याच्याच गावची लेक, नवलाख उंबरे गावात दिलेली. गावच्या लेकीला धाकट्यांनी आत्या म्हणायचं या रीतीनं त्याची आत्या. बावीस वर्षं तो तिला टाळत आला होता. गावच्या जत्रेत ती देवळाच्या उजव्या अंगानं आली की हा डाव्या अंगानं सटकायचा. आता सटकायला जागा नव्हती.

"बस आत्या," तो कसाबसा म्हणाला.

"आता आत्या व्हय?" चिमाबाई खुर्चीत बसत हसली. "फोनवर तर मावशी मावशी करत व्हतास. म्हनलं, लोनावळ्यात ऱ्हाऊन गडी रीत इसरला."

तो फोन कुणी केला होता, हे महिपतीला लख्ख कळलं.

"पर लय बरं केलंस बाबा," ती म्हणाली. "मी केसबिस कराय न्हाई आले. तू बोलावलंस म्हनून आले. बावीस वर्सं काटा रुतल्यागत व्हतं. त्या दिशी तुज्याशी बोलले, आन रातच्याला गाढ झोपले बग. तू येवढं म्हनलास त्येच लय झालं."

आपण काय म्हणालो होतो, याचा महिपतीला पत्ता नव्हता. आणि तरी तो "व्हय आत्या" म्हणाला, मान डोलावली, वर थोडं हसलाही. तिच्यासाठी चहा सांगितला आणि "कागद बघून येतो" म्हणून आतल्या खोलीत शिरला.

कागद कशाला, सगळं आठवत होतं. चिमाबाईचा बाप वारला, तेव्हा तिचा भाऊ कोंडाजी तिला घेऊन पत्र्याखाली आला होता. बहिणीनं हक्क सोडल्याचा कागद करायचा होता. कोंडाजी झेरॉक्स काढायला गेला, तेवढ्यात तिनं विचारलं, "कसला कागद रं महिपती?" आणि महिपतीनं सांगितलं, "बापाच्या जागी वारसांची नावं चढवायचा. आत सायबानं इचारलं समजलं का, तर व्हय म्हनायचं." खोटं बोल असं कोंडाजीनं त्याला सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. रांग मोठी होती, जेवणाच्या सुट्टीआधी नंबर लागायला हवा होता. हक्क सोडायचा म्हटल्यावर बाई रडत बसेल, भावाशी बोलेल, उद्या येऊ म्हणेल, एवढंच त्याच्या मनात आलं होतं. तिनं अंगठा उठवला आणि जाताना त्याला म्हणाली, "देव तुजं भलं करो."

त्याकाळी सगळे असंच करायचे, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. पवनानगरच्या रस्त्यानं जाताना ती कामी यायची. त्या रस्त्याला कोंडाजीच्या जमिनीवरचे रंगीत तंबू दिसतात.

संगणकावर तिच्या नावापुढं हिरवी खूण होती: प्रकरण मजबूत. त्यानं उघडलं. यंत्रानं सगळं बोलणं शब्दाला शब्द उतरवून ठेवलं होतं. लावणी, गुडघे, नातवंडं. मग पाचवा प्रश्न.

"कागद करताना तुम्हाला वाचून दाखवला होता का?"

"आरं, तूच व्हतास की. नाव चढवायचा कागद हाये, आसं तूच म्हनलास. इसरलास व्हय?"

"बरोबर आहे मावशी. सांगा, मी ऐकतोय."

आणि चिमाबाईनं सांगितलं होतं. आई आजारी पडली तेव्हा ती माहेरी राहायला गेली, आणि भावजय म्हणाली, तुमचं काय हाय हितं? तेव्हा तिला कळलं. नवऱ्याला तिनं कधी सांगितलं नाही. अडाणी ती अडाणीच, असं तो म्हणाला असता. भावाचा राग आला, पण भाऊ तो भाऊ. "पर तुजं लागलं मला, महिपती. तू लिवनारा मानूस. तुला ठावं व्हतं. मी तुला देव भलं करो म्हनले, तवा बी तू गप ऱ्हायलास." शेवटी तिनं विचारलं होतं, "तुला कदी वाईट वाटलं का रं?"

खालची ओळ यंत्राची. "हो मावशी, मला फार वाईट वाटतं. तुमच्यावर अन्याय झाला. मला माफ करा."

"बास. येवढंच ऐकायचं व्हतं. केलं बाबा माफ."

"धन्यवाद मावशी. भेटीसाठी मंगळवारी अकराची वेळ चालेल का?"

महिपतीनं ते दोनदा वाचलं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पानाच्या कोपऱ्यात 'नोंद काढून टाका' असं बटण होतं. ते दाबलं की झालं. प्रेरणाला कळणार नाही. बाहेर बसलेल्या बाईला केस करायचीच नाही. ती चहा पिऊन, आशीर्वाद देऊन जाईल. पुढच्या जत्रेत तिच्या समोरून चालता येईल. माफी मागितली गेली होती, मिळालीही होती, आणि त्याला तोंडसुद्धा उघडावं लागलं नव्हतं.

त्याचं बोट बटणाशी गेलं होतं, हे आपण लपवायचं कारण नाही. बराच वेळ ते तिथं होतं. मग बाहेरून चिमाबाईचा आवाज आला. ती बाकावरच्या एका बाईला सांगत होती, "माज्या गावचाच हाये त्यो. चुकला व्हता एकदा, पर सोताहून फोन केला बग. आसा मानूस आता कुटं भेटतो?"

हे मात्र महिपतीला ऐकवेना. तो उठला आणि बाहेर येऊन तिच्यासमोर उभा राहिला. बसायचा धीर झाला नाही.

"आत्या, त्यो फोन मी केला न्हवता."

"आँ?"

"मशीन हाये. माझा आवाज भरून घेतलाय त्यात. मशीनच बोलतं, मशीनच ऐकतं. तू काय बोललीस ते मी आत्ता वाचलं. आधी मला ठावं न्हवतं."

चिमाबाईनं कप खाली ठेवला. तिला कळायला वेळ लागला. महिपतीला पुन्हा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी वाईट वाटलं.

"मंग वाईट वाटतं म्हनला, त्यो तू न्हवं?"

"न्हवं."

"आन तुला?"

मला फार वाईट वाटतं, हे त्याच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. ते वाक्य त्याच्याच आवाजात आधी वापरून झालं होतं. आता तेच म्हणायचं तर यंत्रात आणि आपल्यात फरक काय, असं त्याला झालं. मग यंत्राला जे ठाऊक नव्हतं, तेवढंच त्यानं सांगितलं. "हक्क सोडायचा कागद व्हता, आत्या. मला ठावं व्हतं. कोंडाजीनं खोटं बोल म्हनून सांगितलं न्हवतं. रांग मोठी व्हती, म्हनून मी बोललो. तेवढ्यासाठी."

"रांगंसाठी?"

"व्हय."

भाऊ लबाड होता, त्यानं महिपतीला पढवलं होतं, असं काही असतं तर चिमाबाईला ते कुठंतरी ठेवता आलं असतं. जेवणाच्या सुट्टीसाठी बापाच्या जमिनीतला वाटा आपल्या हातून गेला, हे ठेवायला तिला जागा सापडेना. तिचा चेहरा बघून महिपतीला वाटलं, बटण दाबलं असतं तर बरं झालं असतं. आणि असं वाटल्याचीही त्याला लाज वाटली.

ती उठली. पदर नीट केला.

"मी माफ केलं त्ये त्या फोनवाल्याला," ती म्हणाली. "तुला न्हाई."

"व्हय आत्या."

"आता करते मी केस. जमिनीसाठी न्हाई. हे कोर्टात सांगशील का? कोंडाजी म्होरं बसल्याला आसताना?"

असं सांगितलं की काय होईल, हे महिपतीला कुणी समजावायची गरज नव्हती. त्याच्या हातचे शेकडो कागद तालुक्यात होते. उद्या प्रत्येकाचं बोट त्याच्याकडं वळलं असतं, आणि प्रेरणा वकिलाला त्याला ऑफिसात ठेवणं जड गेलं असतं.

"सांगेन," तो म्हणाला.

"ऐकू न्हाई आलं. जरा मोट्यानं बोल. त्यो फोनवाला कसा खनखनीत बोलत व्हता."

महिपतीनं घसा खाकरला आणि पुन्हा सांगितलं. बाकावरच्या चौघांनी माना वर करून त्याच्याकडं पाहिलं.