जिन्यातलं तळं

काचवाले मामांनी आयुष्यभर लोकांच्या न्हाणीघरांना काचा बसवल्या, त्याही धूसर, पलीकडचं काही दिसू नये म्हणून. अशा माणसाला एकदाच, अगदी एकदाच, बघण्यासारखं काही करायला मिळालं. शाळेच्या जिन्यातली उंच खिडकी! चित्र बायकोनं काढलं: तळं, लव्हाळी, एका पायावर उभा बगळा, पाण्यावर टपून बसलेला खंड्या. रंगीत काचा मामांनी कापल्या. मुलं जिना चढताना मुद्दाम बगळ्यासारखी एका पायावर उभी राहायची आणि शिक्षकांचा ओरडा खायची. मामांना त्याचाच केवढा तोरा!

बसवताना बायको म्हणाली होती, "अहो, साधी पुट्टी लावा. कधी काढायची वेळ आली तर निघेल तरी."

"काढायचंय कुणाला?" मामा गुरकावले आणि दगडासारखं वाळणारं एपॉक्सी ठासून भरलं. शंभर वर्षं हलणार नाही म्हणे. घ्या आता!

बावीस वर्षांनी शाळा पाडायचं ठरलं. मुख्याध्यापिकाबाईंनी आपणहून निरोप धाडला, "सोमवारी सकाळी मशीन लागेल. त्याआधी खिडकी काढून न्या, तुमचीच आहे." ती दगडासारखी चिकटलीय हे बिचाऱ्या बाईंना काय ठाऊक! मामांची बायको तेव्हा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. पलंगावरून तिला दिसायची फक्त शेजारच्या इमारतीची करडी भिंत. मामांनी शब्द दिला, "तुझं तळं तुझ्या खिडकीत आणून लावतो." त्या दिवशी ती किती दिवसांनी पोटभर जेवली.

रविवारी सकाळीच मामा मेव्हण्याला घेऊन शाळेत पोचले. सोबत चार गोधड्या, पातळ सुऱ्या, गरम हवेचं यंत्र. पहिलं लव्हाळं सुरी लावताच तडकलं. दुसरं तापवून पाहिलं, तेही गेलं. ओल्या फडक्यानं, तेलानं, हाता-पाया पडून, सगळं करून झालं. खंड्यापाशी मामा दोन तास बसले. श्वाससुद्धा जपून घेत होते. शेवटी टक्‌ असा आवाज झाला आणि खंड्याची मान धडापासून वेगळी झाली.

"दाजी, सोडा आता," मेव्हणा म्हणाला. "पाडणारे पाडतील. तुम्ही तरी स्वतःच्या हातानं फोडू नका."

मामा पायरीवर बसून ढसाढसा रडले. बायकोचं ऐकलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. बगळा अजून शाबूत होता. त्याला हात लावायची त्यांची छाती झाली नाही.

दुपारी घरी आले तर बायकोनं शेजारणीकडून खिडकीचा पडदा काढून घेतलेला, काचाही पुसून घेतलेल्या. उशाला टेकून ती वाट बघत बसली होती.

"आणलंत?"

मामांनी रिकाम्या गोधड्या दाराबाहेरच ठेवल्या. "अगं, आणायचं कशाला? पाडायचं रद्द झालं. शाळा आहे तिथंच राहणार."

"खरंच? बाई गं, किती बरं झालं!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग तिनं त्यांचा हात घट्ट धरला. "मग मला एकदा न्या ना हो. खुर्चीत बसवून, तुम्ही आणि दादा. तेवढं एकदा बघू दे, पुन्हा काही मागणार नाही. उद्या न्याल?"

"उद्या नको," मामा म्हणाले. "परवा नेतो."