नकाशावरचं बोर

शालूबाईची जागा मी खाल्ली. हे मी आलंकारिक भाषेत लिहीत नाही. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, अलंकार कुठे वापरायचा ते मला कळतं. तिची जागा मी खरोखर तोंडात टाकली, चावली आणि बी थुंकली.

हिंगोली-वाशिम रस्त्यावर, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे आमच्या गावाचा फाटा आहे. तिथल्या लिंबाखाली शालूबाई वीस वर्षं बसायची. खाली पोत्याची घडी आणि पुढे टोपलं, एवढंच दुकान. पावसाळा सरला की सीताफळं, थंडीत बोरं, मग हरभऱ्याचा ढाळा. वर छप्पर नाही की पाटी नाही. पण एसटी बरोबर त्या लिंबापाशी थांबायची आणि दार उघडलं की पहिलं तिचं टोपलं दिसायचं. नवरा गेल्यावर याच टोपल्यावर तिने पोरगा वाढवला, त्याचं लग्न केलं. सून निलम बारावी शिकलेली, त्याचा तिला कोण अभिमान! पेपर आणायला मी फाट्यावर गेलो की ती पिकलेली चार बोरं निवडून माझ्या हातावर ठेवायची. म्हणायची, "खा गुरुजी, दात हायेत तवर."

मागच्या वर्षी जानेवारीत फाट्यावर गाळे बांधायचं ठरलं. सरपंच उत्तमराव माणूस चांगला. त्यांनी सांगितलं, आराखडा शहरातला इंजिनिअर नाही, गाव करील. देवळापुढचं अंगण सारवलं आणि बायकांनी त्यावर फाट्याचा नकाशा काढला. रांगोळीचा रस्ता, घरांच्या जागी चिंचोके, झाडाच्या जागी त्या झाडाची डहाळी. आपापलं दुकान जो तो आपल्या खुणेनं दाखवत होता. तो नकाशा मोठ्या कागदावर उतरवायचं काम माझ्याकडे होतं, कारण गावात अक्षर माझंच चांगलं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

बायका नकाशा काढत होत्या तेव्हा मी उत्तमरावांच्या ओसरीवर चहा पीत बसलो होतो. परत आलो तर दुपार झालेली, बायका कामाला निघून गेलेल्या. मी गुडघ्यावर बसून उतरवू लागलो. लिंबाच्या डहाळीखाली एक पिकलेलं बोर पडलेलं दिसलं. कुणाच्या तरी ओच्यातून पडलं असेल, असं समजून मी ते उचललं, धोतराला पुसलं आणि खाल्लं. गोड होतं. मग लिंबाखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'रिकामी जागा'.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा भरली. नकाशा भिंतीला लावला होता. उत्तमरावांनी नियम सांगितला. नकाशावर ज्याची जागा आहे, त्याला गाळ्यांच्या पुढे, रस्त्याच्या तोंडाला पक्का ओटा. रिकाम्या जागेवर गाड्या उभ्या राहतील. सगळ्यांनी हात वर केले.

तेव्हा शालूबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "सरपंच, माजी जागा कुठं हाय त्यात?"

"नकाशात तर न्हाई, शालूबाई."

"आसं कसं? मी सोता ठेवली व्हती. लिंबाखाली बोर ठेवलं व्हतं मी. दुसरं काय ठेवू? माजं दुकान म्हंजी बोरंच की."

सभा हसली. उत्तमराव समजुतीनं म्हणाले, "हे बघा, नकाशा गुरुजींनी उतरवलेला हाय. त्यात चूक व्हनार न्हाई." आणि लोकांनी, मेल्यांनी, टाळ्या वाजवल्या! माझ्यासाठी!

माझ्या जिभेवर त्या बोराची चव परत आली. उठून दोन वाक्यं बोलायची होती, बस्स. पण टाळ्या अजून वाजत होत्या, आणि 'बोर मी खाल्लं' असं म्हणालो असतो तर अख्खी सभा माझ्यावर हसली असती. लोक मूग गिळून बसतात, मी बोर गिळून बसलो. शालूबाईनं एकवार सगळ्या सभेकडे पाहिलं. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "शेळीनं खाल्लं आसंल. माजीच चुकी. जड काई ठिवाया पायजे व्हतं."

ठराव झाला. दिवाळीपर्यंत गाळे उभे राहिले. लिंबाखाली मोटारसायकली लागल्या आणि शालूबाई गाळ्यांच्या मागे, मुतारीच्या भिंतीपाशी बसू लागली. एसटीतून उतरलेला माणूस तिथवर कशाला जातोय? संध्याकाळी टोपलं जवळपास भरलेलंच घरी जायचं. मी पेपर आणायला जाणं बंद केलं. पेपर घरी मागवला. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती.

शेवटी एक दिवस गेलो. ती सीताफळं निवडत होती. उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की शेळीनं नाही, मी खाल्लं.

तिने एक नरम सीताफळ बाजूला काढलं. मग म्हणाली, "खाल्लं त्याचं काई न्हाई, गुरुजी. तुमाला काय ठावं. पन सभेत मी एकली उभी व्हते, तवा तुमी काहून बसून राहिलात?"

त्या दिवशी तिने माझ्या हातावर काही ठेवलं नाही.

यंदा जानेवारीत फाट्यावरच्या आठवडी बाजाराच्या ओट्यांसाठी पुन्हा अंगण सारवलं. सवयीनं मी कागद घेऊन गेलो, या वेळी आधीपासून. बायका रांगोळी घालत होत्या. शालूबाई पदराखाली काहीतरी घेऊन आली आणि लिंबाच्या डहाळीखाली तिने ते धप्पकन ठेवलं. घरातला वरवंटा.

"ह्यो तर कुनी उचलून खात न्हाई," ती म्हणाली. बायका खदखदून हसल्या. हसण्यावरूनच मला कळलं, की तिने कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. त्या अजून शेळीलाच हसत होत्या.

मग शालूबाईनं माझ्या हातातला कागद काढून घेतला, हिसकावला नाही, आणि निलमकडे दिला. "ही उतरवन. तुमी बसा, गुरुजी. खुर्ची ठिवलीय तुमच्यासाठी."

निलम एकेकीपाशी वाकून विचारत होती, "काकू, ह्ये काय हाय? आन् ह्ये?" उत्तर मिळाल्यावरच पेन्सिल टेकवत होती. मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

उत्तमराव शेजारीच उभे होते, सगळं गाव होतं. बोराचं सांगायचं तर तीच वेळ होती. मी खुर्चीवर बसलो. बायका हसत होत्या, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर थोडा हसलो होतो.