बिब्बा लावलेला गुडघा

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात, दहा-बारा शिकाऊ पोरापोरींसमोर, डॉक्टरीणबाईनं पेनाच्या टोकानं माझं धोतर गुडघ्यावर सारलं. हात लावला नाही.

"हे बघा. यांनी आपला डाटा बिघडवला."

पोरं हसली. एकानं मोबाइलवर फोटो काढला. मला कोणी विचारलं नाही.

सांध्यांच्या सुजेवर त्यांचा अभ्यास चालू होता. सूज वाढली की रक्तात काय वाढतं, ते शोधायचं. त्यासाठी मी तेल्हाऱ्याहून एसटीनं येऊन रक्त देत होतो. औषध घेऊ नका, असं सांगितलं होतं. नाही घेतलं. ठणका सोसला, गोळीला शिवलो नाही. बायकोनं बिब्बा तापवून गुडघ्यावर लावला. आमच्याकडे सारेच लावतात. फोड आले. रक्तातला आकडा चढला.

"औषध नको म्हटलं होतं ना?"

"बिब्बा औषध हाय काय, मॅडम? दुखलं का लावतो. इचारलं असतं त सांगतलं असतं."

"अडाणी माणसं घेतली की हे असं होतं," ती पोरांना म्हणाली. जणू मी तिथं नव्हतोच.

चौथी शिकलो मी. पण ऐकू चांगलं येतं.

तरी विचारलं. लेकीसाठी. बडनेऱ्याला दिली आहे ती. तिचीही बोटं सुजायला लागली. सकाळी लाटणं धरता येत नाही.

"मॅडम, माह्या रक्तात काय निंगालं? लेकीलेबी तेच हाय काय?"

"बाबा, तुम्हाला नाही समजणार. अभ्यास रोगाचा आहे, तुमचा नाही." मग थांबली. "मुलीला मात्र उद्या आणा. एकाच घरातले दोघं मिळाले तर आम्हाला फार उपयोग होईल."

उपयोग. तिथं माझं डोकं भणकलं. रोग काय एकटाच एसटीत बसून आला होता?

धोतर खाली ओढलं. "फोटो पुस," म्हटलं. पोरगं मॅडमकडे पाहू लागलं.

"तिकडं काय पायतं? गुडघा माहा हाय."

पुसला त्यानं.

तरी लेकीच्या बोटांपायी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन गेलो. तिच्या दंडाला रबर बांधलं. तिनं मूठ आवळली, पुरती आवळेना. सुई पुढं आली. मी मध्ये हात घातला.

"आंधी माह्या रक्तात काय हाय ते सांगा. मले समजन असं. मंग इचं घ्या."

"बाबा, वेळ नाही आम्हाला."

लेकीची मूठ मी उघडली. रबर सोडून टेबलावर ठेवलं. खुर्ची ओढली आणि डॉक्टरीणबाईच्या समोर बसलो.